आकाश, समुद्र, पाताळ आणि डोळे

रामवाडी, पेण
८ जानेवारी २०२५

ताईस,

तीर्थरूप वगैरे आज लिहीत नाही. साष्टांग नमस्कारही नाही. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस, तेव्हा उरलं पोस्ट.

तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक पाहिलं. त्यासाठी रोह्याला यावं लागलं नाही. काल सकाळी मूर्तिकारांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि खाली आबांचं नाव घालून लिहिलं, 'हैबतरावांच्या लेकीने बसवलेलं नाटक, जरूर बघा.' दुपारपर्यंत पेणमधला प्रत्येक गणपतीचा कारखाना हसत होता. रंग घ्यायला गेलो तर दुकानदार मला 'या, झ्यूसशेट' म्हणाला.

तीन देव घोंगडीवर बसून तांब्यातून चिठ्ठ्या काढतात. घोंगडी आपली, तांब्या आपला, भांडणही आपलं. मागे तिघी बहिणी चहा करताना दाखवल्यास. कापसाच्या दाढीचा तो पोरगा स्टुलावर चढून ओरडतो, 'आभाळ माझं हाय, उरलंसुरलं तुमी बघा.' ही म्हणे ग्रीसची गोष्ट. ग्रीसमधले देव हाय आणि नाय म्हणतात का गं?

आम्ही चिठ्ठ्या टाकल्या यात पाप काय केलं? आबा गेले, कारखाना एक आणि आम्ही भाऊ तिघं. मला शेड आली, रमाकांतला साचे आले, अक्षयला दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकं. कुणी कुणाला फसवलं नाही. नशिबाने आलं ते घेतलं आणि आता तिघं मिळून रोज भांडत का होईना, पण मूर्ती करतोय.

वर त्या देवांचा बाप स्वतःची पोरं गिळताना दाखवलास. आबांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय, ताई. लाज वाटली नाही का?

तो ओरडणारा झ्यूस मी, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. शाळेच्या पोरांकडून भावाची टिंगल करून तुला काय मिळालं ते कळव.

जगन

&nbsp;

रोहा
१५ जानेवारी २०२५

चि. जगनास अनेक आशीर्वाद. आशीर्वाद मनापासून आहेत, पुढचं सगळं रागाने लिहिते आहे.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

पहिली गोष्ट, आबा त्या नाटकात नाहीत. पोरं गिळणारा बाप क्रोनोस हा त्या लोकांचाच आहे, फार जुना. आपलं पोरच आपल्याला गादीवरून उठवणार असं त्याला कुणी सांगितलं, म्हणून एकेक मूल झालं की हा गिळायचा. पहिली गिळली ती थोरली मुलगी, हेस्तिया. मग दोघी बहिणी, मग दोघे भाऊ. शेवटच्या मुलाच्या वेळी आई हुशार झाली. तिने दुपट्यात धोंडा गुंडाळून दिला आणि त्या शहाण्याने तो गिळला. वाचलेलं पोर म्हणजे झ्यूस. त्याने मोठेपणी बापाला औषध पाजून भावंडं ओकायला लावली. शेवटी गिळलेलं आधी बाहेर, पहिलं गिळलेलं शेवटी. म्हणजे हेस्तिया बाहेर पडून अंग पुसते आहे तोवर भावांच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. सातवीच्या पोरांना हे इतकं आवडलं की औषध पाजायचा प्रवेश दोनदा करावा लागला.

आता नीट वाच. झ्यूस सगळ्यांत धाकटा आहे. आपल्यात धाकटा कोण? डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून आल्यावर कारखान्यात फक्त फोनवर बोलतो आणि 'मी नसतो तर तुमच्या मूर्ती कोणी विकल्या असत्या' म्हणतो, तो कोण? आभाळ त्याला मिळालं. समुद्र मिळालेला पोसायडन पोरांनी झकास केला. 'शेतात खारं पानी शिरलं तर लोक रडतात, आन मला सगलं खारंच दिलाव' असं म्हणत तो सगळ्या नाटकभर कुरकुरतो. साचे घेऊन गेला आणि दर साच्यामागे एकदा चिडतो, त्या रमाकांतला मी वेगळं सांगायला नको.

तू पाताळ, जगन. तू हेडीस. जागा सगळ्यांत मोठी, पण तिथे आपणहून कुणी येत नाही. तुला दाढीसुद्धा नव्हती, तू कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला काळा पोरगा होतास. बघितलाही नसशील.

आणि पृथ्वी म्हणे तिघांची सामायिक. सामायिक जागा कोण झाडतं ते मी तुला सांगायची गरज नाही.

माझ्या रागाचं कारण तू विचारलंच नाहीस. मी लग्नाआधी आणि लग्नानंतरही, दर आषाढ-श्रावणात सुट्टी काढून, त्या शेडच्या खिडकीपाशी बसून गणपतीचे डोळे आखले. आबांनी मला शिकवलं, तुम्हा तिघांना नाही, कारण तुमचा हात थरथरायचा. शेड वाटलीत, साचे वाटलेत, पाटी वाटलीत. मी तेव्हा आत चहा टाकत होते. डोळे कुणाच्या वाट्याला गेले, जगन?

मैना

&nbsp;

रामवाडी, पेण
२७ जानेवारी २०२५

ताई,

झ्यूस म्हणालीस असं वाटलं तेव्हा राग आला होता. आता पाताळ ऐकून त्याहून जास्त आला आहे. रमाकांतला पत्र दाखवलं नाही, अक्षयला तर मुळीच नाही, तो फ्रेम करून लावेल.

पण चहाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. तुला विचारलं होतं. आबांच्या तेराव्याला, पंगत उठल्यावर, मामा समोर बसलेले असताना मी स्वतः विचारलं, ताई, तुला काय हवं? तू काय म्हणालीस तेही सांगतो. 'मला काय नको रं, तुमी सुखात ऱ्हावा.' मामांनी ऐकलं, रमाकांतने ऐकलं, गडब गावाहून आलेल्या निम्म्या भावकीने ऐकलं. बायका तर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, बहीण असावी तर अशी.

स्वतःच्या तोंडाने नको म्हणालीस, मग दोन महिन्यांनी पोरांना दाढ्या लावून जगाला सांगतेस की भावांनी विचारलं नाही. याला काय म्हणायचं? मनात होतं तर तेव्हाच तोंड उघडायचं होतं. आम्ही काय मनकवडे आहोत?

यंदा आखणीला यायची तसदी घेऊ नकोस. मीही हैबतरावांचाच मुलगा आहे. डोळे मी आखीन. ब्रशच तर धरायचा आहे.

जगन

&nbsp;

रोहा
६ फेब्रुवारी २०२५

जगन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. वाचलं, आणि पुढच्या सगळ्या पोळ्या करपल्या. घरात सगळ्यांनी माझा चेहरा बघून त्या गपगुमान खाल्ल्या.

हो, मी नको म्हणाले. ते खरं आहे. पण तू कोणत्या गावचा आहेस रे? आपल्याकडे पहिल्या नकोला कधी कुणी मानलं आहे का? पाहुणा भाताला नको म्हणतो, तू दुसऱ्यांदा आग्रह करतोस. तो पानावर हात आडवा धरतो, तू त्याच्या बोटांमधून भात वाढतोस. तुझ्या लग्नात माझ्या नवऱ्याने सहा वेळा नको म्हटलं आणि तू सहा वेळा जिलबी वाढलीस, तो रात्रभर पोट धरून बसला होता. भाताच्या मुदीला एवढा आग्रह करणारा माझा भाऊ आबांच्या कारखान्याच्या वेळी एका नकोवर थांबला. इतका आज्ञाधारक तू जन्मात पहिल्यांदाच झालास.

आणि विचारलंस कुठे? मामांसमोर, भावकीसमोर, बायका पदर डोळ्यांशी घेऊन तयार बसलेल्या. तिथे थोरल्या बहिणीने काय म्हणायचं असतं ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. मी ठरलेलं उत्तर दिलं. तुम्ही ते पावतीसारखं खिशात घातलंत.

मला वाटलं, संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दाराशी येशील आणि हळूच म्हणशील, ताई, खरंच नको? मी वाट बघितली. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा निघाले. एसटीत बसल्यावर मला कळलं की तू येणार नव्हतास.

मला जमीन नको, शेडचा पत्राही नको. हे दुसरं नको मात्र खरं आहे, ते ओळखायला शीक. मला त्या कारखान्यात माझी जागा हवी होती. पाहुणी म्हणून नाही, मदतीला आलेली ताई म्हणून नाही. माझी.

डोळे तू आखणार आहेस हे वाचून हसू आलं. आख. मी येत नाही.

मैना

&nbsp;

रामवाडी, पेण
११ जुलै २०२५

ती. मैनाताईस सा. न. वि. वि.

या खेपेला नमस्कार लिहिला आहे, कारण काम आहे. खोटं कशाला बोलू.

डोळे मी आखले. एप्रिलपासून लागलो होतो. हात थरथरू नये म्हणून चहा बंद केला, मनगटाखाली उशी घेतली, सगळं केलं. ज्या मूर्ती लवकर पाठवायच्या होत्या त्या गेल्या. गेल्या आठवड्यात नागोठण्याचे ते जुने गिऱ्हाईक मूर्ती घेऊन परत आले. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'जगनशेट, यो आमच्यावर कशापायी रागावलाय?'

मी म्हटलं तुम्हाला भास होतोय. ते म्हणाले, मग तुम्हीच बघा जरा त्याच्याकडे. मी बघितलं, ताई. मला जास्त वेळ बघवलं नाही. असा डोळे वटारून बघत होता जणू मी त्याचं काही खाल्लंय.

त्यानंतर आणखी परत आल्या. एक बाई म्हणाली की तिचं पोर मूर्ती बघून पलंगाखाली शिरलं. आता शेडमध्ये मांडलेल्या सगळ्या रांगा तशाच आहेत. मी दार उघडलं की सगळे एकदम माझ्याकडे बघतात. रमाकांत म्हणतो साच्यात काही दोष नाही, डोळ्यांत आहे. अक्षय फोन घेत नाही, कारण गिऱ्हाइकं त्याला शिव्या देतात. दोघंही मला म्हणतात, तूच ताईला नको सांगितलंस. जसं काही तेव्हा हे दोघे तुझी बाजू घेऊन उभे होते.

मला भयंकर राग आला आहे. त्यांचा, स्वतःचा आणि तुझाही, कारण तुला हे आधीच माहीत होतं आणि तू हसलीस.

झालं ते झालं. तू ये. नेहमीसारखी ये, खिडकीपाशी बस, चार-आठ दिवस राहा, जाताना तुझ्या आवडीची साडी घेऊ. आबांचं नाव जाऊ नये एवढंच म्हणणं आहे.

तुझा,
जगन

&nbsp;

रोहा
१७ जुलै २०२५

चि. जगनास आशीर्वाद.

साडी ठेव. नेहमीसारखी मी येणार नाही.

पोर पलंगाखाली शिरलं ते वाचून मी हसले, मग मला रडू आलं, मग परत राग आला. आबांच्या कारखान्यातले गणपती लोक परत आणून देतात हे ऐकून मला काय होत असेल असं तुला वाटतं? तरीही येणार नाही.

हेस्तियाचं पुढे काय झालं ते मी नाटकात घेतलं नव्हतं. तालमीत होतं. वर डोंगरावर देवांच्या बारा खुर्च्या होत्या आणि एक तिची होती. पुढे तेरावा देव आला, दारू पिऊन नाचत फिरणारा भाचा, आणि त्याला खुर्ची हवी झाली. आता भांडण होणार असं दिसताच हेस्तिया उठली, स्वतःची खुर्ची त्याला दिली आणि चुलीपाशी जाऊन बसली. तालमीत पोरांनी इथे टाळ्या वाजवल्या. बघायला आलेल्या दुसऱ्या बाईंनीही वाजवल्या. किती समजूतदार, किती शांत. मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. तो प्रवेश मी तिथल्या तिथे काढून टाकला.

मी ती खुर्ची एकदा देऊन बसले आहे. परत चुलीपाशी बसायला बोलावतोस आणि वर त्याला माहेरपण म्हणतोस.

माझं म्हणणं असं. शेड, साचे, गिऱ्हाइकं आणि डोळे, असे चार हिस्से. चौथा माझा. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कारखान्यातली मूर्ती बाहेर जायची नाही, आणि माझ्यानंतर तो हिस्सा कुणाला द्यायचा ते मी ठरवीन. तुम्ही तिघांनी हे मामांसमोर आणि गडबच्या त्याच भावकीसमोर बोलायचं. जिथे माझं नको सगळ्यांनी ऐकलं, तिथेच.

नाहीतर तुझे गणपती आणि तू, बघा एकमेकांकडे.

मैना

&nbsp;

रामवाडी, पेण
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आधी मी रागाने चुरगाळलं. मग सरळ केलं. मग रमाकांत आणि अक्षयला वाचून दाखवलं, पहिल्यापासूनची सगळी पत्रं. पाताळाचं पण.

अक्षय खूप हसला, मग झ्यूस कोण ते कळल्यावर थांबला. रमाकांत म्हणाला, साच्यांत वाटा नाय देनार. मी म्हटलं साच्यात नकोच आहे तिला. अक्षय म्हणाला, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला हिस्सा दिला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. इतकं वाजलं आमचं की शेजारच्या कारखान्यातले लोक बघायला आले.

शेवटी मी बाहेर आलो, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. म्हटलं, साचे तुझे, गिऱ्हाइकं तुझी, खुशाल करा मूर्ती रस्त्यावर. शेड माझी आहे आणि शेड बंद आहे. पाताळवाल्याला इतकं तरी करता आलं पाहिजे. दोन दिवस बाहेर पाऊस आणि आत कुलूप. तिसऱ्या दिवशी दोघे जेवायच्या वेळी आले आणि म्हणाले, बोलव भावकीला.

रविवारी गडबला मामांकडे सगळ्यांना बोलावलं. बोलणं मीच केलं. चार हिस्से सांगितले, तू लिहिलेस तसे. भावकीत कुजबूज झाली. एक काका म्हणाले, ताई आपलीच हाय, तिला येगला हिस्सा कशाला? मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, 'आपली हाय म्हनून फुकट राबवली, काका. आता नाय.'

मामांनी पान जुळवून तोंडात टाकलं. मग म्हणाले, 'पन मैनेला इचारलंव का?'

मी म्हटलं, 'इचारलं. ती व्हय म्हनाली.'

रमाकांत आणि अक्षय दोघांनीही मान डोलवली. अक्षयने उशिरा डोलवली, पण डोलवली.

खिडकीपाशी कुणी बसत नाही. परत आलेल्या मूर्ती एका फळीवर ठेवून वर पंचा टाकला आहे, कामगार घाबरतात म्हणून. चतुर्थी २७ तारखेला आहे. कधी येतेस ते कळव. पाताळ म्हणालीस त्याचा राग गेलेला नाही, तो वेगळा ठेवला आहे.

तुझा,
जगन

&nbsp;

रोहा
६ ऑगस्ट २०२५

चि. जगन, रमाकांत आणि अक्षय यांस अनेक आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. शाळेतून रजा घेतली आहे. खिडकीची काच पुसून ठेवा, उजेड लागतो. मी काम करत असताना कुणी चहा मागायला यायचं नाही. चहा तुम्ही करायचा.

जगन, काकांना दिलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. ते आबांच्या तेराव्याला दिलं असतंस तर मला एसटीत तोंड खिडकीकडे करून बसावं लागलं नसतं. बरं वाटलं, हे लिहिते. राग गेला, असं लिहीत नाही. तो जायला वेळ लागेल आणि तो किती वेळ ठेवायचा ते माझं मी बघीन.

परत आलेल्या मूर्तींचे डोळे पांढरे करून मी पुन्हा आखते. लोकांच्या घरी सणाला चिडलेला देव पाठवायचा नाही. मात्र तो नागोठण्याचा, सगळ्यात पहिला आलेला, त्याला हात लावू नका. तो माझा. आमच्या घरचा गणपती दरवर्षी पेणहूनच येतो, यंदा तो येईल. घरात विचारलं. हे म्हणाले, असा रागीट कशाला आणतेस? मी म्हटलं, दीड दिवस त्याला माझ्या सोबतीला राहू दे, आमचं जमेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला इथल्या कुंडलिका नदीत सोडायचं आहे. तुम्ही तिघांनी यायचं. शिफ्ट, गिऱ्हाईक, साचे, काही कारण चालणार नाही. पाण्यात उतरण्याआधी एकेकाने समोर उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि पुढच्या वर्षी लवकर या, असं म्हणायचं. खाली बघून म्हटलेलं मी धरणार नाही.

तुमची थोरली,
मैना